नव्या जारातलं आइस्क्रीम

मानवत, ३ फेब्रुवारी २०२६

गंगम्माक्का,

लिंगराजचा शरणार्थ. अक्षर ओळखलं असशीलच. मला पाटीवर गिरवायला तूच शिकवलंस, त्यामुळं माझा 'ळ' अजून तुझ्या 'ळ'सारखाच पोट काढून बसतो. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर माझी जीभ पुढं पळते आणि बात बिघडते. कागदावर हात जरा सावकाश चालतो, म्हणून कागद घेतला.

बातमी अशी, की काल तुझी नात ईश्वरी माझ्या दुकानी आली होती. दुसऱ्या कुणी तिकडं राणीसावरगावला तुझ्या कानावर घालायच्या आत मीच घालतो. एकटी नव्हती. तिच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या संघप्रिया मॅडम सोबत होत्या. महिनाअखेरी विज्ञान दिन आहे. त्या दिवशी आठवीची पोरं द्रव नायट्रोजननं आइस्क्रीम करून दाखवणार आहेत. दूध-साखरेत तो ओतला, की बर्फ लागत नाही, फ्रीज लागत नाही, बघता बघता गोठतं. मॅडम बिचाऱ्या हा नायट्रोजन कुठं मिळतो म्हणून परभणीभर हिंडल्या. शेवटी वर्गात ईश्वरीनं बोट वर केलं आणि म्हणाली, "आमच्या मामाआबांकडं ढिगानं हाय की."

म्हणजे पोरीला ठाऊक आहे मी कोण ते. तिच्या बापानं, पंकजनं सांगितलं असेल. त्याच्यावर रागावू नकोस. एका गावात राहतो, मोंढ्यात समोरासमोर येतो, तर पोरगं मामाला चहा पाजतं इतकंच.

हा माल आपल्याकडं कशाला येतो हे तुला सांगायला नको. गाई-म्हशी भरायच्या वळूच्या वीर्याच्या कांड्या यात बुडवून ठेवतात, नाहीतर त्या तासाभरात वाया जातात. मी दुसऱ्याचा नायट्रोजनचा जार सायकलला बांधून खेडोपाडी गाई भरत हिंडायचो ते तू पाहिलेलं आहे. आता आजूबाजूच्या तालुक्यांतल्या डॉक्टरांचे जार माझ्या टाकीवर भरले जातात. हात लावायला आता पोरं ठेवलीत, पण धंदा तोच आहे आणि पाटीवर नावही तेच आहे.

तुझ्या मंगेशच्या लग्नाचा विषय काढणार नव्हतो, पण न काढता पुढं जाताही येत नाही. तुझ्या नव्या व्याह्यांनी पंगतीत विचारलं, भाऊ काय करतात. तू म्हणालीस, दुधाचा धंदा. मी मागं वाढायला उभा होतो आणि माझे कान तुला माहीत आहेत. मी म्हणालो, "दुधाचा न्हाई, गाई भरायचा." पंगत हसली, तू हसली नाहीस. तेव्हापासून तुझा उंबरा मला बंद आहे. त्यात माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, आणि तूही म्हणवून घ्यायला बसलेली नाहीस. तो तुझामाझा मामला. पोरीला त्यात ओढायचं नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मॅडमना हो म्हटलं आहे. या कामासाठी जार नवा कोरा काढतोय, त्यात कांडी कधी उतरलेली नाही. नायट्रोजनसुद्धा खाण्याच्या कामाचा वेगळा मागवतोय.

तुझा,
लिंगराज


मानवत, ११ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर आलं नाही. पत्र फाडलंही नाहीस असं पंकजकडून कळलं, तेवढं पुरे.

रविवारी दुकानामागच्या अंगणात आम्ही एकदा करून बघितलं. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, दूध, साय, साखर, वेलदोडा. ईश्वरीच्या डोळ्यांवर चष्मा, हातात लांब दांड्याचं लाकडी उलथनं. ओतायचं काम माझं, हे मी आधीच बजावलं होतं. हा माल असा आहे, की एखादा थेंब हातावरून टुणकन उडून जातो, पण बोटांच्या बेचक्यात अडकला तर चटका दिल्याशिवाय राहत नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, कोंडलेल्या खोलीत ओतायचा नाही. हे सगळं मी बोलत होतो आणि पोरगी वहीत न लिहिता नुसती ऐकत होती. नंतर मी उलटं विचारलं तर एक शब्द चुकली नाही. तुझ्यावर गेली आहे.

पण मी आपला धंद्याच्या सवयीनं जार भरल्यासारखा धबाधबा ओतला आणि पहिल्या घाण्याची गिट्टी झाली. मॅडमनी चमचा मारला तर टण्ण वाजला. ईश्वरी म्हणाली, "आबा, हे रोडच्या कामाला द्या." दुसऱ्या वेळेला थोडं थोडं ओतलं, ती ढवळत राहिली, आणि पांढऱ्या धुरातून जे वर आलं ते असं मऊ होतं, की मॅडमसुद्धा चमचा घेऊन पुढं आल्या. धूर पुरता निवल्याशिवाय कुणाला चाखू दिलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग हेडसरांनी पत्रिका छापली.

माणूस भला आहे, पण छापायच्या आधी दोनदा वाचत नाही. मी त्यांना दुकानाचं कार्ड दिलं होतं, ते त्यांनी जसंच्या तसं उतरवलं. वर 'प्रमुख पाहुणे : लिंगराज स्वामी, स्वामी कृत्रिम रेतन सेवा, मानवत'. आणि त्याच्या लगेच खाली, मध्ये रेघसुद्धा न मारता, 'पाहुण्यांच्या सौजन्याने आइस्क्रीम. सर्व पालकांनी अवश्य आस्वाद घ्यावा.'

मी पत्रिका वाचली आणि म्हटलं, झालं.

काल स्टँडवर पाथरीच्या गाडीची वाट बघत दोघीजणी बसल्या होत्या. एक म्हणायली, "वळूच्या टाकीतलं हाय म्हणं." दुसरी म्हणायली, "अगं, टाकीतलं काय, त्याचंच हाय म्हणं." मी त्यांच्या पाठीमागं उभा. हसू आलं, पण हसलो नाही, कारण त्यातली एक आपल्याच लिंगायत आळीतली होती आणि तिचं पोरगं ईश्वरीच्या वर्गात आहे.

मॅडमना मी रस्त्यात गाठून सांगितलं, तुमच्यावर बालंट येत असेल तर मी बाजूला होतो. त्या म्हणाल्या, "स्वामीकाका, मी भिऊन बसले तर पोरं कुणाकडून शिकतील?"

हे तुझ्यापर्यंत पोचणारच. पण स्टँडवरचं पोचायच्या आत माझं पोचावं.

लिंगराज


मानवत, १६ फेब्रुवारी

अक्का,

काल शिवरात्र. तुमच्याकडं अभिषेक, भजन सगळं नीट पार पडलं असेल. इथं मठात लय गर्दी होती. रांगेत उभा असताना मागंपुढं एकच विषय. देवाचं नाव कमी आणि माझ्या जाराचं जास्त.

तुझा निरोप मिळाला. पंकज सकाळी दुकानी आला, बसला नाही, उभ्यानंच बोलला. "आई न्हाई म्हणायली. ईश्वरीला बी त्यात राहू द्यायचं न्हाई म्हणायली." एवढं बोलून निघाला.

आता दुसरी बाजू ऐक. हेडसरांकडं पाच-सहा पालक जाऊन आले. आरडाओरडा कुणी केला नाही, सगळे आदबीनं बोलले. त्यांचं म्हणणं एकच. गंगम्मांच्या घरात चालत असेल तर आम्हाला चालतं, त्यांनी हो म्हटलं पाहिजे. दाजींनी या गावातल्या निम्म्या पोरांच्या गळ्यात लिंग बांधलं, लग्नं लावली. ते गेल्यावर ती घरं तुझ्या शब्दाकडं बघतात, हे तुलाही माहीत आहे. हेडसरांनी हात वर केले. तुझा होकार आला तर आइस्क्रीम, नाहीतर दरवर्षीचा लिंबू-सोड्याचा ज्वालामुखी. त्यांनी तो डब्यातून काढून पुसूनही ठेवला आहे.

म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन थांबलंय. माझं काय जातं, एक सकाळ रिकामी राहील. मॅडम दुसरा प्रयोग शोधतील. पण ईश्वरीचं बघ. ती या प्रयोगाची पुढारी आहे. वर्गापुढं बोलायला कधी उभी न राहणारी पोरगी, तिला मॅडमनी बोलायचं काम दिलंय. पंकज म्हणतो, ती घरी रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "आज्जीनं एकदा बघावं अन् मग न्हाई म्हणावं." आणि अभ्यासाला बसली.

तुझ्या मनात नेमकं काय आहे ते मला कळत नाही. नायट्रोजन म्हणजे आपण ओढतो ती हवाच, थंड करून पाणी केलेली. त्यात जनावराचं काही नाही. उघड्यावर ठेवला तर परत हवा होऊन जातो, भांड्याला ओल राहत नाही. तू शिकलेली आहेस, हे तुला पटतं हे मला माहीत आहे. म्हणून वाटतं, गोष्ट विटाळाची नाहीच.

तुझी लाल कंधारी गाय व्याली आणि कालवड झाली असं ऐकलं होतं. आता ती मोठी झाली असेल. गंगाखेडकडच्या गावांना गाई भरायला माझा माणूस बालाजी जातो, तो कधी कधी सांगतो. तो काय काय सांगतो ते मी कुणाला सांगत नाही.

लिंगराज


मानवत, २१ फेब्रुवारी

अक्का,

तुझी चिठ्ठी मिळाली. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि आधी अक्षरच बघत बसलो, मजकूर मागून वाचला. दोनच ओळी. "पत्रिकेवर दुग्धव्यवसाय असं छापा. मग माझी ना नाही, मी स्वतः येते."

तर बात ही होती. जार नव्हे, आइस्क्रीम नव्हे. 'रेतन' हा शब्द कागदावर छापून घरोघर गेला, ही.

हेडसरांना चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांचीच बदली रद्द झाली. तासाभरात नवी पत्रिका छापखान्यात. मला म्हणाले, स्वामी, तुमची हरकत नाही ना. मी म्हटलं, छापा.

तू म्हणशील, हा लिंगा इतक्या सहज कसा वाकला. अक्का, मी धंदेवाला माणूस. मंगेशच्या लग्नात समोर पंगत होती, आता समोर पोरगी आहे. पंगतीला दोन घास कमी गेले तरी चालतात, पोरीचा कार्यक्रम मोडलेला चालत नाही. पाटीवर माझं नाव माझ्या धंद्यासकट आहे, एका पत्रिकेनं ते पुसत नाही.

पण हे ईश्वरीला सांगायला गेलो आणि तिथं घोटाळा झाला. ती शाळेतून येताना दुकानी थांबली होती. मी म्हटलं, बाई, तुझी आज्जी येणार, कार्यक्रम होणार, फक्त पत्रिकेवर माझा धंदा दुधाचा. तिनं दप्तर खाली ठेवलं. म्हणाली, "मग जार कुठून आला म्हणून सांगू?"

मी म्हटलं, दुकानातून आला म्हणून सांग.

"कशाचं दुकान विचारलं तर?"

मी म्हटलं, कुणी विचारत नसतं. तिनं विचारलं, "आबा, तुमाला लाज वाटते का?"

मी सायकलवर जार बांधला तेव्हापासून लोकांनी मला काय काय विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, न्हाई वाटत. "मग?" म्हणाली. मी तिला पेढा दिला आणि घरी पाठवलं. तिनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

म्हणून आधीच लिहून ठेवतो. पत्रिकेवर तुला हवं ते छापलं आहे. मी तोंड उघडणार नाही. पोरगी उभी राहिल्यावर काय बोलेल, त्याची जिम्मेदारी माझी नाही. हे वाचूनही येणार असशील तर ये. सकाळच्या गाडीनं निघालीस तर परभणीला बदलावं लागेल. पंकज स्टँडवर येईल.

लिंगराज


मानवत, १ मार्च

अक्का,

तू कालच्या कार्यक्रमाला होतीस, तरी लिहितोय. तू बायकांत खुर्चीवर, मी पातेल्यापुढं, मध्ये धूर. तुला जिथून दिसलं नाही आणि मला जिथून ऐकू आलं ते एका जागी असावं म्हणून.

मैदानात कडुनिंबाखाली टेबल, पोरं चुन्याच्या रेघेमागं. मी मोटारसायकलवरून जार उतरवला तेव्हा फाटकावरचा शिपाई म्हणाला, "स्वामी, इथं कुणाची गाय हाय?" त्याला पत्रिका कुणी वाचून दाखवली नसणार. मी म्हटलं, आज दुधाचं काम आहे. तेवढंच एक खोटं मी काल बोललो, आणि ते खोटंही नव्हतं.

ईश्वरी सुरुवातीला अडखळली. मॅडम पुढं झाल्या नाहीत, हे त्यांनी बरं केलं. मग पोरीला सूर सापडला. हवेत नायट्रोजन किती, तो इतका थंड कसा होतो, दूध लवकर गोठलं की बर्फाचे खडे बारीक राहतात म्हणून आइस्क्रीम मऊ लागतं, सगळं सांगितलं. मी थोडं थोडं ओतत होतो, तिचे दोन वर्गमित्र ढवळत होते. धूर टेबलावरून खाली सांडला तशी लहान पोरं किंचाळली. मोठी माणसं पण खुर्च्या पुढं ओढायला लागली.

तेवढ्यात आळीतले एक किराणावाले उठले. आवाज चांगला होता, वाकडा नव्हता. "बाळ, हा नायट्रोजन गावात एरवी कशाला लागतो, तेवढं सांग."

मी ओतायचा थांबलो. ईश्वरीनं माझ्याकडं बघितलं नाही, तुझ्याकडं बघितलं. ते तूही बघितलंस. मग म्हणाली, "गाई भरायच्या कांड्या ठिवायला. माझे मामाआबा तेच काम करतात. हा जार मात्र नवा हाय, यात कांडी कधी ठिवली न्हाई."

मी परत ओतायला लागलो. आइस्क्रीम तयार झालं. मॅडमनी कागदी वाट्या मांडल्या. धूर निवला. कुणी पुढं येईना. आळीतली पोरं आयांकडं बघायली, आया तुझ्याकडं. ईश्वरी हातात चमचा घेऊन उभी.

तुझ्या शेजारची बाई हळू विचारत होती. तुला वाटलं असेल एवढ्या लांबून काय ऐकू येतंय. तिनं विचारलं, "अक्का, पत्रिकेवर तर दुधाचा धंदा होता की?"

आणि तू म्हणालीस, तुझ्या नेहमीच्या आवाजात, कमी नाही की जास्त नाही:

"ते मी छापाया लावलं. दुधाचा न्हाई, गाई भरतो माझा भाऊ. माझी कंधारी त्याच्याच माणसानं भरली, परड्याच्या दारानं बोलावून. त्या गाईचं दूध रोज देवाला घालते. खवा करून सणाला तुमच्याकडं पाठवते, तो तुमी खाल्लाव."

मागच्या रांगेत कुणी तरी खोकलं. मग ते किराणावालेच हसले, आणि हसणं रांगेतून रांगेत गेलं. पण हे हसणं मंगेशच्या लग्नातल्या पंगतीसारखं नव्हतं. त्यांनी आपल्या पोराला पाठीवर थाप मारून पुढं ढकललं. त्याच्यामागं दुसरं, मग सगळी रांग. पातेलं पुरलं नाही, दोनदा करावं लागलं. हेडसर तीन वाट्या घेऊन गेले आणि कुणाला दिल्या ते कळलं नाही.

तू खाल्लं नाहीस. बाहेरचं तू खात नाहीस, तो तुझा नेम, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ईश्वरीनं वाटी आणून तुझ्यापुढं धरली, तू फक्त वाकून बघितलंस आणि तिला विचारलंस, "गोड किती घातलं?" ती तुला प्रमाण सांगत बसली आणि तू ऐकत बसलीस. ते मी बघत होतो, दुसरं काही बघत नव्हतो. मालाची गाडी आली असती तरी वळलो नसतो.

माझ्याशी तू बोलली नाहीस. मीही पुढं आलो नाही, उगीच जीभ पळायची. पण स्टँडवर गाडीत चढताना पंकजला म्हणालीस, "कालवड दोन दिसात माजावर येईल असं दिसायलंय. पहिलीच खेप हाय. कुणाला तरी पाठव म्हणावं." मी टपरीमागं पान बांधून घेत होतो.

बालाजी चांगला माणूस आहे, हात हलका आहे. पण मी त्याला सांगितलं, राणीसावरगावला तू जाऊ नकोस.

कालवड सकाळी हंबरायला लागली की लगेच पंकजला फोन कर. सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरावी लागते, फार वाट बघता येत नाही. तिला सावलीत बांध, पळवू नकोस, गर्दी होऊ देऊ नकोस. मी दुपारच्या आत निघतो. लाल कंधारीच्याच चांगल्या वळूची कांडी काढून ठेवली आहे. हात धुवायला गरम पाणी आणि साबण लागेल.

आणि जार घेऊन मी परड्याच्या दारानं येणार नाही, पुढच्या दारानं येईन. गल्लीतलं कुणी विचारेलच कोण आलंय म्हणून. काय सांगायचं ते तू ठरव, मी मधे बोलणार नाही.

तुझा धाकटा,
लिंगा